वंध्यत्वोपचार, सेवानियम आणि शासकीय कर्मचारी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : वंध्यत्व, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, आरोग्य विमा, कुटुंब नियोजन, मराठवाडा.

प्रस्तावना :

शासकीय नोकरी म्हणजे आयुष्याची हमी, अशी समजूत मराठवाड्यात आजही दृढ आहे. निवृत्तिवेतन, रजा, महागाई भत्ता आणि आजारपणात झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती या चार आधारांवर ही समजूत उभी आहे. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा असल्याने या हमीचे मोल अधिकच वाढते. परंतु ही हमी सर्व आजारांना सारखीच लागू होते काय, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. मूल न होणे ही ज्यांच्या वाट्याला आलेली व्यथा आहे, अशा कर्मचारी दांपत्यांकडे सेवानियमांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास तर जवळजवळ अलिखितच राहिला आहे.

आरोग्य विमा आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती या दोन गोष्टी सामान्य बोलण्यात एकच मानल्या जातात. प्रत्यक्षात विमा हा हप्ता भरून घेतलेला करार असतो, तर प्रतिपूर्ती हा सेवेच्या अटींतून मिळणारा हक्क असतो. महाराष्ट्रातील सेवारत शासकीय कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय संरक्षणाचा पाया प्रतिपूर्तीचाच राहिला. १९८२ ची राज्य शासकीय कर्मचारी गट विमा योजना ही आयुर्विम्याच्या स्वरूपाची आहे; तिचा रुग्णालयाच्या बिलाशी संबंध नाही. म्हणून वंध्यत्वोपचाराच्या संरक्षणाचा शोध घेताना विमा पॉलिसीइतकेच शासन निर्णयही तपासावे लागतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांत वंध्यत्वोपचाराला मिळालेल्या स्थानाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. लोकसंख्या नियंत्रणाच्या धोरणाचा या नियमांवर झालेला परिणाम तपासणे.
३. परभणी जिल्ह्यातील राज्य व केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या स्थितीतील तफावत स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून नियम, शासन निर्णय, अधिनियम आणि न्यायनिर्णय यांना आधार मानले आहे.

परभणी जिल्हा : प्रशासकीय पार्श्वभूमी :

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. अवघ्या बारा वर्षांत येथील कर्मचाऱ्याने तीन राजवटींचे नियम अनुभवले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेडोपाडीचा प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी झाला. १९७२ मध्ये परभणी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होऊन परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके या जिल्ह्यात राहिले.

या जिल्ह्यात पगारदारांचे अनेक वर्ग शेजारीशेजारी नांदतात. तलाठी, पोलीस, शिक्षक हे राज्याच्या वा जिल्हा परिषदेच्या सेवेत, टपाल खात्यातील कर्मचारी केंद्राच्या सेवेत, तर पूर्णा या रेल्वे जंक्शनवरील कर्मचारी रेल्वेच्या स्वतंत्र वैद्यकीय व्यवस्थेत. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन कुटुंबांचा आजार एकच असला तरी त्यांचे नियम वेगळे असतात. वंध्यत्वाच्या बाबतीत हा फरक विशेष ठळकपणे दिसतो.

वैद्यकीय देखभाल नियम आणि आजाराची व्याख्या :

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९४४ चे केंद्रीय सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम लागू आहेत. महाराष्ट्राने स्वतःचे महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम १९६१ मध्ये केले. दोन्ही नियमांची मूळ कल्पना एकच होती : कर्मचारी आजारी पडला तर त्याने शासकीय रुग्णालयात जावे, प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासावे आणि खर्च शासनाने सोसावा. खाजगी रुग्णालय हा अपवाद होता. हा अपवाद कोणत्या प्रसंगी मान्य करावयाचा, हे ठरविण्यासाठी पुढे आजारांच्या याद्या आल्या.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयाने २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी निश्चित केली. खाजगी रुग्णालयातील उपचारांच्या प्रतिपूर्तीसाठी ही यादी आधारभूत ठरली. कार्यालयातील लिपिकापासून जिल्हा शल्य चिकित्सकापर्यंत प्रत्येकाच्या टेबलावर देयक आले की पहिला प्रश्न असे, ‘आजार यादीत आहे काय?’ वंध्यत्व या यादीत नव्हते.

याचे कारण यादीच्या रचनेतच होते. आकस्मिक आजार म्हणजे अचानक उद्भवणारा आणि तातडीने उपचार न केल्यास प्राणावर बेतणारा. गंभीर आजार म्हणजे हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसारखा जिवाशी गाठ घालणारा. वंध्यत्व या दोन्ही व्याख्यांत बसत नाही. ते एका रात्रीत उद्भवत नाही, त्याने कोणी दगावत नाही. शिवाय त्याचे बरेचसे उपचार रुग्णालयात दाखल न होता, बाह्यरुग्ण म्हणूनच होतात. तपासण्या, इंजेक्शने, सोनोग्राफी, पुन्हा तपासण्या असा तो महिनोनमहिने चालणारा प्रवास असतो. रुग्णशय्या आणि मृत्यूचे भय या दोन निकषांवर आखलेल्या नियमात असा आजार दिसूच शकत नाही.

उपचारपद्धतीचा उदय :

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. मात्र त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. भारतातील शास्त्रीयदृष्ट्या नोंदविलेला असा हा पहिला जन्म मानला गेला.

येथे एक बाब विशेषत्वाने लक्षात घ्यावी लागते. के. ई. एम. हे मुंबई महानगरपालिकेचे रुग्णालय आहे आणि डॉ. आनंद कुमार हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत कार्यरत होते. म्हणजेच महाराष्ट्रात या उपचाराचा जन्म सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थांत झाला. पुढे मात्र हा उपचार मोठ्या शहरांतील खाजगी केंद्रांत वाढला आणि सार्वजनिक रुग्णालयांत त्याचा विस्तार झाला नाही. सार्वजनिक संस्थेत जन्मलेले तंत्र सार्वजनिक कर्मचाऱ्यालाच परवडेनासे झाले, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

१९८६ हेच वर्ष आरोग्य विम्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळाच्या कंपन्यांनी याच वर्षी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी सुरू केली. या पॉलिसीच्या प्रचलित नमुन्यात वगळलेल्या बाबींच्या यादीत वंध्यत्वाचा उल्लेख गुप्तरोग, जाणूनबुजून केलेली इजा आणि मादक पदार्थांचे सेवन यांच्या पंक्तीत येत असे. एका निष्पाप शारीरिक न्यूनतेला दिलेली ही जागा त्या काळच्या विमाव्यवसायाची दृष्टी सांगून जाते. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने वगळावयाच्या बाबींची भाषा प्रमाणित केली, तेव्हाही वंध्यत्व व सहाय्यित प्रजननासाठी वगळणुकीचे एक स्वतंत्र कलम ठेवले गेले. त्यामुळे स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हा खर्च सामान्यतः स्वतःच सोसावा लागला.

लोकसंख्या नियंत्रण आणि कर्मचाऱ्याचे कुटुंब :

शासनाने कर्मचाऱ्याच्या प्रजननाकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येत नाही. उलट त्याकडे शासनाचे लक्ष सतत राहिले; फक्त ते एकाच दिशेने होते. १९५२ मध्ये भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. महाराष्ट्रात या विचाराची परंपरा त्याहून जुनी आहे, र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. परंतु कर्व्यांच्या विचारात व्यक्तीची, विशेषतः स्त्रीची, इच्छा केंद्रस्थानी होती. शासकीय कार्यक्रमात हळूहळू उद्दिष्टांचे आकडे केंद्रस्थानी आले. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक व इतर कर्मचारी हे या मोहिमेचे साधनही होते आणि लक्ष्यही. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

सेवानियमांतही या धोरणाचे प्रतिबिंब पडले. नसबंदी करून घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला विशेष नैमित्तिक रजा मिळे, तसेच १९७९ पासून वेतनवाढीच्या स्वरूपात आर्थिक लाभही मिळू लागला. हा लाभ भत्त्याच्या रूपाने २०१७ पर्यंत चालू राहिला. केंद्राच्या रजा नियमांतील एक तरतूद तर फार बोलकी आहे. नसबंदी झालेल्या कर्मचाऱ्याला नलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी २१ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळू शकत असे. त्यासाठी तो अविवाहित असावा, त्याला दोनहून कमी अपत्ये असावीत किंवा नसबंदीनंतर सर्व मुलगे वा सर्व मुली दगावल्यासारखे सबळ कारण असावे, अशी अट होती. मूल नसण्याच्या दुःखाची सेवानियमांनी घेतलेली ही आरंभीची दखल होय. परंतु ती शासनाने घडविलेल्या वंध्यत्वापुरती होती. ज्याला मुळातच मूल झाले नाही, त्याच्यासाठी तेथेही रकाना नव्हता.

मार्च २००५ हा महिना या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १९ मार्च रोजी वर उल्लेखिलेली आजारांची यादी निघाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, २८ मार्च २००५ रोजी महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम अधिसूचित झाले. शासकीय सेवेत येणाऱ्या उमेदवाराने आपल्याला दोनपेक्षा अधिक अपत्ये नाहीत, असे प्रतिज्ञापन देणे त्यामुळे आवश्यक ठरले. अधिक अपत्ये असणाऱ्यासाठी नियम झाला. एकही अपत्य नसणाऱ्यासाठी नऊ दिवसांपूर्वीच्या यादीत एक ओळही नव्हती. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सहाय्यित प्रजनन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. म्हणजे उपचार ज्ञात होता, केंद्रे वाढत होती, तरीही राज्याच्या यादीने त्याची दखल घेतली नाही.

२०११ चे केंद्रीय ज्ञापन :

२२ नोव्हेंबर २०११ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढून आयव्हीएफ उपचाराचा खर्च केंद्रीय आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना आणि १९४४ च्या नियमांखालील कर्मचाऱ्यांना मिळण्याची वाट मोकळी केली. त्यातील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे होत्या. दांपत्याला हयात अपत्य नसावे. पत्नीचे वय २१ ते ३९ वर्षांच्या दरम्यान असावे. नेहमीचे उपचार अयशस्वी झाल्याचा पुरावा असावा. शासकीय वैद्यकीय संस्थेतील स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागप्रमुखांच्या सल्ल्यावर परवानगी दिली जावी. प्रत्येक आवर्तनास जास्तीत जास्त ६५,००० रुपये आणि अधिकाधिक तीन आवर्तने, म्हणजे एकूण १,९५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळावा. हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येईल आणि तसे शपथपत्र द्यावे लागेल.

इंग्लंडमध्ये २००४ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही २३ ते ३९ वर्षे वय आणि तीन आवर्तने अशीच शिफारस होती. त्या दृष्टीने केंद्राचे पाऊल जगाच्या अनुभवाशी सुसंगत होते आणि त्याचे महत्त्व मान्य केलेच पाहिजे. सेवानियमांच्या इतिहासात मूल नसणे हे प्रथमच उपचारयोग्य आजार म्हणून, रुपयांत मोजून, मान्य झाले.

परभणीच्या संदर्भात मात्र या ज्ञापनाचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, कर्मचाऱ्यांत तफावत निर्माण झाली. टपाल खात्यातील कर्मचाऱ्याला या ज्ञापनाचा आधार मिळाला. त्याच्या शेजारी राहणाऱ्या जिल्हा परिषद शिक्षिकेला मिळाला नाही, कारण ती राज्याच्या नियमांखाली येत होती. दुसरा परिणाम अंतराचा. केंद्रीय आरोग्य योजनेची सेवा २०११ मध्ये परभणीपर्यंत पोहोचलेली नव्हती. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते. मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ पासून, अंबाजोगाई येथे १९७४ पासून आणि नांदेड येथे १९८८ पासून अशी महाविद्यालये होती. त्यामुळे ज्याला हक्क होता त्यालाही विभागप्रमुखांच्या सल्ल्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागे आणि प्रत्यक्ष उपचारासाठी बहुधा त्याहून लांब. एका आवर्तनात दहा-बारा दिवसांची इंजेक्शने आणि वारंवार सोनोग्राफी करावी लागते. त्यासाठी लागणारी रजा, प्रवास आणि मुक्काम ६५,००० रुपयांच्या हिशेबात कोठेच नव्हता.

नस्ती, गोपनीयता आणि स्त्री :

प्रतिपूर्तीचा हक्क कागदावर मिळाला तरी तो कार्यालयातूनच वापरावा लागतो. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, लिपिक टिपणी लिहितो, नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे देयक अशा रीतीने फिरले तर सहकारी चौकशी करतात, धीर देतात. वंध्यत्वाचे देयक फिरले तर कुजबुज होते. मराठीत मूल नसलेल्या स्त्रीसाठी ‘वांझ’ हा जिव्हारी लागणारा शब्द घराघरात माहीत आहे. पुरुषाच्या न्यूनतेसाठी तितका प्रचलित शब्द नाही. वैद्यकशास्त्रानुसार दोष पुरुषात, स्त्रीत, दोघांत किंवा अज्ञातही असू शकतो. पुरुषदोषावर उपयुक्त ठरणारी इक्सी ही पद्धतही १९९२ पासून जगाला ज्ञात होती. तरीही २०११ च्या अटींत वयाची मर्यादा पत्नीलाच घातलेली होती. नियमाच्या भाषेनेही उपचाराचे ओझे स्त्रीच्याच पदरात टाकले.

रजेच्या नियमांत न्यायालयाने काहीसा मार्ग दाखविला. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरोगसीद्वारे माता झालेल्या महिला कर्मचाऱ्याला प्रसूती रजेचा हक्क असल्याचे मान्य केले. जून २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रजा नियमांत सरोगसीसाठी स्पष्ट तरतूद केली. तथापि या तरतुदी मूल झाल्यानंतरच्या काळासाठी आहेत. मूल व्हावे म्हणून चाललेल्या धडपडीचा काळ अर्जित वा वैद्यकीय रजेतूनच भागवावा लागला.

२०२१ चा कायदा आणि विम्याचा प्रश्न :

सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि उपचारासाठी स्त्रीचे वय ५० वर्षांच्या आत, तर पुरुषाचे वय ५५ वर्षांच्या आत असावे, असे ठरविले. या कायद्यात विम्याचा उल्लेख आहे, पण तो बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी. सरोगसीविषयक कायद्यात तो सरोगेट मातेसाठी आहे. या दोघींचे संरक्षण योग्यच होय. परंतु ज्यांच्यावर उपचार होतात, त्या दांपत्याचा खर्च कोणी उचलावा, याविषयी कायदा मौन पाळतो.

सार्वजनिक रुग्णालयांच्या बाबतीत अलीकडे काही आश्वासक घटना घडल्या. गोवा शासनाने २०२३ मध्ये बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ उपचार सुरू केले. मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये राज्य शासनाचे आयव्हीएफ केंद्र सुरू झाले. परभणी येथेही २०२३-२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ज्ञ सल्ल्यासाठी जिल्हा ओलांडण्याची गरज कमी होण्याची शक्यता निर्माण झाली.

आक्षेप आणि त्याचा विचार :

ज्या जिल्ह्यात सामान्य माणसाला मूलभूत आरोग्यसेवेसाठीही झगडावे लागते, तेथे पगारदारांच्या खर्चिक आणि यशाची खात्री नसलेल्या उपचारावर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षणीय नाही. परंतु यशाची खात्री हा निकष कर्करोगाच्या उपचारालाही लावला जात नाही. दुसरे असे की, आयव्हीएफ ही शेवटची पायरी आहे. जननमार्गाचा क्षयरोग, जंतुसंसर्गाने बंद झालेल्या गर्भनलिका, संप्रेरकांचे असंतुलन ही अनेक कारणे लवकर तपासणी झाल्यास कमी खर्चात हाताळता येतात. पती-पत्नी दोघांची प्राथमिक तपासणी जिल्हा पातळीवरच झाली तर त्याचा लाभ कर्मचाऱ्यांइतकाच शेतकरी आणि मजूर दांपत्यांनाही होईल. कर्मचाऱ्याचा हक्क आणि जनतेची सेवा यांत येथे विरोध उरत नाही.

निष्कर्ष :

१. राज्याच्या २००५ च्या यादीतून वंध्यत्व वगळले जाणे हे आकस्मिकता व प्राणभय यांवर आधारलेल्या आजाराच्या व्याख्येशी सुसंगत होते.
२. लोकसंख्या नियंत्रणाच्या धोरणामुळे सेवानियमांनी अधिक अपत्ये असणाऱ्या कर्मचाऱ्याची सातत्याने नोंद घेतली. अपत्यहीन कर्मचारी मात्र त्यांना दिसला नाही.
३. २०११ च्या केंद्रीय ज्ञापनाने वंध्यत्वाला उपचारयोग्य आजार मानले. परंतु त्यामुळे परभणीसारख्या जिल्ह्यात केंद्र व राज्य कर्मचाऱ्यांतील तफावत उघड झाली.
४. हक्काची मान्यता पुरेशी नसून जिल्हा पातळीवरील तपासणी, उपचारकाळातील रजा आणि देयकांची गोपनीयता यांची जोड आवश्यक आहे. अशी देयके मोहोरबंद पाकिटात थेट मंजुरी अधिकाऱ्याकडे सादर करण्याची सोय फारशा खर्चाविना करता येण्यासारखी आहे.

समारोप :

कर्मचाऱ्याला किती मुले असावीत, हे सांगण्याचा अधिकार शासनाने दीर्घकाळ वापरला. ज्याला एकही मूल नाही, त्याच्या वाट्याला उपचारासाठी कोणती मदत यावी, हे सांगण्याची जबाबदारी त्या अधिकाराबरोबरच येते. सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील नोंदविण्याची प्रथा आहे. तेथे अपत्यांच्या रकान्यात आडवी रेघ ओढली जाते, तेव्हा त्या रेघेमागे अनेकदा वर्षानुवर्षांचे उपचार, कर्ज आणि अबोला असतो. त्या रेघेची दखल घेणारे नियम होणे हे कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेशी सुसंगतच ठरेल.